चौथीच्या पोराला स्कॉलरशिपला बसवताय? मग आधी तुम्ही बसा

परवा नणंदेचा फोन. "वहिनी, ऋचाला यंदा चौथीत स्कॉलरशिप आहे म्हणे, क्लास कुठला लावू, पुस्तकं कुठली घेऊ, ग्रुपवर तर सगळ्यांनी जूनपासूनच सुरू केलंय." मी म्हटलं क्लासचं नंतर बघू, आधी मागच्या वर्षीचा एक पेपर काढ, मोबाइलवर दीड तासाचा टायमर लाव आणि तू स्वतः सोडव. तर ती हसायलाच लागली. पण मी सिरियसली सांगत होते आणि आता हे सगळं इथे लिहितेय ते पण त्याचसाठी, कारण माझ्या मोठ्याच्या वेळी मी सहा महिने नुसती त्याच्या मागे ओरडत होते आणि परीक्षा नेमकी काय आहे हे मला डिसेंबरात कळलं.

तर आधी परीक्षा काय ते. ही घेते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुण्याची, सगळ्या राज्यात एकाच दिवशी, लाखोंनी मुलं बसतात. आपल्या वेळी चौथी आणि सातवीला असायची, आठवत असेल. मग २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला केली आणि आता परत फिरवून चौथी-सातवीला आणलीय, त्यामुळे २०२५-२६ हे मधलं वर्ष असं आलं की दोन्हीकडच्या वर्गांची परीक्षा ठेवली, पाचवी-आठवीची पण आणि चौथी-सातवीची पण. ह्या गोंधळामुळे बाजारात आणि ओळखीपाळखीत जी जुनी पुस्तकं फिरतायत ती बरीचशी पाचवीची आहेत. मोठ्या बहिणीचं पुस्तक धाकट्याला दिलं तर चालेल का, तर बुद्धिमत्तेला चालेल, गणिताला जरा सांभाळून, कारण पाचवीचे धडे चौथीच्या पोराला आलेलेच नसतात आणि मग ते रडतं आणि आपल्याला वाटतं ह्याला गणित जमत नाही.

पेपर दोन. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा (म्हणजे मराठी माध्यमवाल्यांना इंग्रजी) आणि बुद्धिमत्ता चाचणी. भाषेचे २५ प्रश्न, गणिताचे ५०, दुसऱ्या पेपरात पण तसंच, इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. प्रत्येक प्रश्नाला २ मार्क. म्हणजे एका पेपरात ७५ प्रश्न १५० मार्कांचे, वेळ दीड तास, दोन्ही मिळून ३००. हे सगळं पर्यायी, लिहायचं काही नाही, गोल काळे करायचे. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, हे मुलाला दहादा सांगा, कारण शाळेत आपण शिकवलेलं असतं की येत नसेल तर सोडून दे. इथे सोडायचं नाही. शेवटची दोन मिनिटं राहिली की उरलेले गोल भरूनच टाकायचे, चारातला एक लागला तर लागला.

आता ते माझ्या बसण्याचं. मी ग्रॅज्युएट बाई, रोज दुकानाचा हिशेब लिहिणारी, मला वाटलं चौथी-पाचवीचा पेपर काय अर्ध्या तासात होईल. किचनच्या ओट्यापाशी बसले, टायमर लावला. दीड तासात माझे ७५ पैकी ६१ झाले. एक शिट्टी झाली म्हणून गॅस बंद करायला उठले तेवढीच काय ती सुटी. तेव्हा हिशेब केला की ९० मिनिटं भागिले ७५ म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात, आणि त्यातच प्रश्न वाचायचा, कच्चं काम करायचं, पर्याय बघायचे आणि गोल रंगवायचा. मी पोराला "एवढं सोपं चुकलास कसं" म्हणून जे बोलायचे ना ते त्या दिवसापासून बंद झालं. तपासल्यावर कळलं की माझे आठ प्रश्न चुकले, त्यातले तीनच मला खरंच येत नव्हते. दोन ठिकाणी प्रश्नात "नाही" होतं ते मी वाचलंच नव्हतं आणि तीन ठिकाणी उत्तर बरोबर पण गोल खालच्या ओळीतला.

हीच गोष्ट आहे खरं तर. आपण अभ्यास अभ्यास करतो पण मुलांचे बरेच मार्क जातात ते वाचण्यात आणि गोलात.

गोलाचं सांगते आधी, कारण ह्याच्याकडे कोणी बघतच नाही. पेन्सिल चालत नाही, काळा किंवा निळा बॉलपेन, आणि एकदा गोल भरला की खोडता येत नाही, दोन गोल भरले तर उत्तर गेलं. आता नऊ-दहा वर्षाचं पोर, ज्याने आयुष्यभर खोडरबर वापरलाय, त्याला अचानक पेनने न खोडता ७५ गोल करायला लावले तर हात थरथरणारच. आणि सगळ्यात मोठा अपघात म्हणजे २३वा प्रश्न अवघड म्हणून सोडला आणि २४व्याचं उत्तर २३व्या ओळीत गेलं, की मग पुढची सगळी गाडी एका डब्याने मागे. त्यामुळे मी काय केलं, उत्तरपत्रिकेचा नमुना झेरॉक्सवाल्याकडून पन्नास कॉप्या काढून आणला आणि घरातला एकही सराव पेपर वहीवर सोडवू दिला नाही, प्रत्येक वेळी तो गोलांचा कागद आणि पेन. दुसरं म्हणजे दर पाच प्रश्नांनी बोट ठेवून बघायचं, पेपरावर ३०, कागदावर ३०, बरोबर, चल पुढे. सुरुवातीला कंटाळा करतात, मग सवय होते. तिसरं, सगळं सोडवून मग शेवटी एकदम गोल करायचे हे काही शिक्षक सांगतात, मला ते अजिबात पटत नाही, शेवटी वेळच उरत नाही आणि घाईत ओळी सरकतात. प्रश्न झाला की गोल, लगेच. आणि आणखी एक, पेपरचे ए, बी, सी, डी असे संच असतात, शेजारच्याचा आणि आपला संच वेगळा असतो, तर संचाचा गोल आणि बैठक क्रमांक नीट भरायची पण घरी प्रॅक्टिस घ्या, हसू नका, ह्यात पोरं चुकतात.

वाचण्याचं म्हणाल तर "योग्य नाही", "विसंगत", "चुकीचा पर्याय निवडा", "सर्वांत लहान" असे शब्द दिसले की त्याच्याखाली रेघ मारायची. प्रश्नपत्रिकेवर रेघ मारली तर काही होत नाही. आमच्याकडे रेघ मारली नाही तर मी उत्तर बरोबर असलं तरी अर्धंच धरायचे, फार चिडायचा. उतारा असेल तर आधी खालचे प्रश्न वाचायचे मग उतारा, म्हणजे काय शोधायचंय ते माहीत असतं. उतारा, कविता, संवाद, जाहिरात काहीही येऊ शकतं.

भाषेला वेगळा क्लास कशाला लागतो मला कळत नाही, घरात आजी असेल तर काम झालंच. समूहदर्शक शब्द, पिल्लांची नावं, आवाज, म्हणी, वाक्प्रचार, हे सगळं आमच्या सासूबाईंनी शेंगा सोलता सोलता करून घेतलं. शेळीचं करडू, घोड्याचं शिंगरू, मेंढीचं कोकरू, हरणाचं पाडस. किल्ल्यांचा जुडगा, केळ्यांचा घड, उंटांचा तांडा. शहरातल्या पोरांनी करडू बघितलेलंच नसतं, त्यांना हे पाठ करायला लागतं आणि दोन दिवसात विसरतात, गावाला गेल्यावर आजोबांबरोबर एक फेरी गोठ्यात मारली तर जन्मात विसरत नाहीत. साहित्यिकांची टोपणनावं मात्र पाठच करायची, त्याला दुसरा उपाय नाही, फ्रिजवर कागद चिकटवा.

गणिताला पाढे. बास. ७२ सेकंदात जो सतरा साता म्हणून बोटं मोजत बसला त्याचं पुढचं सगळं अडतं. पाढे, विभाज्यतेच्या कसोट्या, अपूर्णांकांचा लहानमोठेपणा आणि मापनाची रूपांतरं, एवढं पक्कं असलं की बाकीचं शाळेत होतंच आहे. आणि पर्याय समोर दिलेले असतात हे लक्षात ठेवून काम करायचं. पूर्ण गुणाकार कशाला, शेवटचा अंक बघ, दोन पर्याय तिथेच उडतात. ही चलाखी मुलांना फार आवडते, त्यांना वाटतं आपण पेपर काढणाऱ्याला फसवलं.

बुद्धिमत्ता हा सगळ्यात मजेचा भाग आणि पालक ह्यालाच सगळ्यात घाबरतात कारण शाळेत हा विषय नसतो. अहो पण हा विषय घरातच आहे. आरशातली प्रतिमा: बाथरूमच्या आरशासमोर घड्याळ धरा आणि विचारा किती वाजले दिसतायत. मग युक्ती सांगा, ११ वाजून ६० मिनिटांतून खरी वेळ वजा करायची. ३ वाजून ४० मिनिटं असतील तर आरशात ८ वाजून २० दिसणार. आधी आरसा मग युक्ती, उलटं करू नका, नाहीतर पाण्यातलं प्रतिबिंब आलं की पोर तिथे पण ११.६० मधून वजा करायला लागतं. घन उलगडायचा असतो त्याला खडूचा खोका किंवा साबणाचा खोका कापून उलगडा, सहा बाजूंवर अंक लिहा, परत जोडा. कागदाला घडी घालून कात्रीने भोक पाडायचं आणि उघडल्यावर कुठे कुठे भोकं दिसतील, हे तर आमच्याकडे पावसाळ्यात रोजचं झालं होतं, घरभर कागदाचे तुकडे.

दिनदर्शिकेची गणितं भिंतीवरच्या कॅलेंडरवर. १ जानेवारी २०२६ ला गुरुवार होता तर १५ ऑगस्टला कोणता वार? महिन्याच्या दिवसांतून २८ काढायचे, उरतील ते जास्तीचे दिवस. जानेवारीचे ३, फेब्रुवारीचे ०, मार्च ३, एप्रिल २, मे ३, जून २, जुलै ३, झाले १६. ऑगस्टच्या १ तारखेपासून १५ पर्यंत आणखी १४. एकूण ३०, सातने भागलं तर बाकी २. गुरुवारच्या पुढे दोन म्हणजे शनिवार. मग कॅलेंडर उलटून बघायचं बरोबर आलं का, तो जो चेहरा होतो ना पोराचा तो बघण्यासारखा असतो. रांगेचे प्रश्न रेशनच्या नाहीतर आधार सेंटरच्या लाइनीत करून घ्या: समोरून बारावी, मागून पंधरावी तर रांगेत किती जणी? १२ अधिक १५ वजा १, म्हणजे २६, कारण तिला स्वतःला दोनदा मोजलं. आणि नातेसंबंध तर लग्नात. "तुझ्या आत्याच्या आईची एकुलती एक सून कोण?" माझ्या पोराने पाच मिनिटं विचार करून मांडवात ओरडून सांगितलं, "तूच की गं!"

मोठ्या गटाच्या पेपरात, म्हणजे आतापर्यंत जो आठवीला होता त्यात, एक खास भानगड असते. काही प्रश्नांना, जास्तीत जास्त २० टक्के, चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल भरले तरच मार्क. प्रश्नात तसं लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ ५१, ५३, ५७, ५९ यांतल्या मूळ संख्या कोणत्या, दोन पर्याय निवडा. पोरगं ५३ बघतं, खूष होतं, गोल भरतं आणि पुढे. ५९ राहून जातं. आणि ५१ म्हणजे १७ त्रिक, ५७ म्हणजे १९ त्रिक, हे पाढे आले तरच कळणार, परत पाढ्यांवरच आलो बघा.

किती वेळ अभ्यास घ्यायचा हे सगळे विचारतात. रोज चाळीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नको, शाळेचा अभ्यास वेगळा आहेच. परीक्षा साधारण फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी असते, तारखेची अधिसूचना आली की कॅलेंडरवर गोल करा. दिवाळीपर्यंत एकेक घटक, दिवाळीनंतर आठवड्याला एक पूर्ण पेपर वेळ लावून, जानेवारीत जमलं तर दोन. जुने पेपर आणि त्यांची उत्तरसूची परिषदेच्या वेबसाइटवर मिळते, फुकट. आणि एक चुकांची वही करा, त्यात तीन रकाने: येत नव्हतं, घाई झाली, गोल चुकला. महिन्याभराने बघा कुठला रकाना भरलाय. आमचा मधला भरलेला होता, त्याला आणखी पुस्तकं आणून काय उपयोग होता, त्याला हळू वाचायला शिकवायला हवं होतं.

क्लास लावू नका असं मी म्हणत नाही, दोघंही नोकरीला असाल तर कोण बसणार. पण आधी शाळेत विचारा. आमच्या इथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी सकाळी शाळेआधी जादा तास घेतात, एक रुपया न घेता, आणि कोल्हापूरकडच्या जिल्हा परिषद शाळांचा तर स्कॉलरशिपमध्ये दरारा आहे, मोठ्या फीवाल्या शाळा मागे पडतात. चकचकीत क्लासच्या बोर्डावर ज्यांचे फोटो असतात त्यातली निम्मी पोरं अशाच कुठल्या तरी गुरुजींनी तयार केलेली असतात.

फॉर्मचं बघा नीट. तो आपण भरत नाही, शाळा भरते तिच्या लॉगिनवरून, पण भरल्यावर प्रिंट मागून घ्या आणि नाव, जन्मतारीख, माध्यम, प्रवर्ग शब्द न् शब्द वाचा. माझ्या मोठ्याच्या शाळेने सेमी इंग्रजीच्या जागी नुसतं मराठी टाकलं, मला कळलं प्रवेशपत्र हातात आल्यावर. वर्षभर गणित इंग्रजीतून केलेलं पोर आणि समोर मराठीतला पेपर, अंश-छेद म्हणजे काय आणि परिमिती म्हणजे काय हे मी शेवटच्या पंधरा दिवसांत त्याला शिकवत बसले. वयाची अट, फी, सवलत हे सगळं त्या वर्षीच्या अधिसूचनेत असतं, ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोवर जाऊ नका.

परीक्षेच्या दिवशी दोन पेपर, मध्ये सुटी. अलीकडे पहिला सकाळी अकराला आणि दुसरा दुपारी दोनला असा असतो पण प्रवेशपत्रावर बघून घ्या. केंद्र बऱ्याचदा दुसऱ्याच शाळेत येतं, आदल्या दिवशी एक चक्कर मारून या, पोराला वर्ग आणि संडास कुठे आहे ते दाखवा, अर्धी भीती तिथेच जाते. दोन पेन, आधी थोडे वापरलेले, कोरे नकोत. साधं काट्यांचं घड्याळ. डब्यात पोळी-भाजी नाहीतर दही-भात, तळलेलं नको, दुपारच्या पेपरला झोप येते. आणि मधल्या सुटीत गेटपाशी पेपर घेऊन "चौदाव्याचं काय लिहिलंस" असं विचारणारे पालक असतात ना, तिथून पोराला हात धरून लांब न्या. मी स्वतः ते केलंय आणि त्याचा दुसरा पेपर मीच घालवला असं मला अजून वाटतं.

नंतर आधी अंतरिम उत्तरसूची येते, त्यावर आक्षेप घेता येतात, मग अंतिम सूची, मग निकाल. आता निकालात पात्र आणि शिष्यवृत्तीधारक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही पेपरात प्रत्येकी ४० टक्के पडले की पात्र, पण पैसे मिळतात ते गुणवत्ता यादीत आलेल्यांनाच, आणि तिथल्या जागा ठरलेल्या असतात. आमच्या शेजारच्यांनी पात्र बघून पेढे वाटले, मग यादीत नाव नाही म्हणून पोराला बोलले. लाखो मुलांतून पात्र होणं हेही काही कमी नाही, पेढे वाटले ते बरोबरच होतं, नंतर बोलले ते चुकलं. रक्कम २०२३ मध्ये वाढवली, आधी हजार-दीड हजार होती वर्षाला, आता लहान गटाला वर्षाला ५,००० आणि मोठ्या गटाला ७,५००. ती बँक खात्यात येते, तर खातं चालू आहे का, नाव आधारसारखंच आहे का, आयएफएससी कोड बरोबर आहे का हे बघून ठेवा. एका ओळखीच्या मुलीचे पैसे निव्वळ खातं बंद पडल्यामुळे वर्षभर लटकले.

जाता जाता, शाळेत ज्या पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात त्या वेगळ्या, त्यांचे पेपर पण राज्यावरून येतात पण त्या मुलाला कुठे अडतंय हे शिक्षकांना कळावं म्हणून असतात, त्यासाठी गाइड घेत फिरू नका, फक्त निकाल लागल्यावर बाईंना जाऊन विचारा की भाषेत आणि गणितात नेमकं काय येत नाहीये. आणि आठवीला एनएमएमएस नावाची आणखी एक शिष्यवृत्ती परीक्षा असते, ती केंद्राची योजना, सरकारी, अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी, उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत लागतं, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात. ह्यातही बुद्धिमत्ता असते, त्यामुळे सातवीला केलेली तयारी वाया जात नाही.

काल नणंदेचा परत फोन आला. बसली होती म्हणे रविवारी पेपरला, पाहुणे येणार होते ते पण टाळले. ५८ प्रश्न झाले आणि तीन गोल चुकीच्या ओळीत. पेपर ऋचाने तपासला, लाल पेनने, आणि प्रत्येक चुकीपाशी "नीट वाच" असं लिहिलंय.